मोठा कॅमेरा निवडताना

छायाचित्र घेण्यासाठी आज वेगळा कॅमेरा बाळगण्याची गरज उरलेली नाही. खिशातला मोबाइल ते काम चुटकीसरशी करतो. तरीही गेल्या काही वर्षांत फिल्मवर, आणि तीही मोठ्या आकाराच्या सुट्या फिल्मवर, छायाचित्रे घेण्याची आवड जगभर पुन्हा मूळ धरू लागली आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यातले काही विज्ञानशिक्षक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी अधूनमधून मला विचारतात, "सहलीला, किल्ल्यावर नेता येईल असा पहिला मोठा कॅमेरा कोणता घ्यावा?"

या प्रश्नाला जी उत्तरे नेहमी दिली जातात त्यांचे थोडे परीक्षण करावे, असा या लेखाचा हेतू आहे. कारण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी असे उपकरण एकदाच घेतले जाते. निवड चुकली, की ते काचेच्या कपाटात जाऊन बसते आणि तपासणीच्या दिवशी पुसून ठेवण्यापुरते बाहेर येते. ही निवड आवडीनिवडीने करण्याची नाही. ती दहावीच्या गणिताने करता येते.

कॅमेरा की प्रकाशशास्त्राचा बाक?

ज्या कॅमेऱ्यात फिल्मचा एकेक ताव चार इंच बाय पाच इंच किंवा त्याहून मोठा असतो, त्याला येथे आपण 'मोठा कॅमेरा' म्हणू. त्याची रचना अगदी साधी असते. पुढे एक उभी चौकट, तिच्यातल्या फळीवर भिंग. मागे दुसरी उभी चौकट, तिच्यात घासलेली धुरकट काच. दोन्हींच्या मध्ये कापडाचा किंवा चामड्याचा घड्यांचा भाता. भाता कशासाठी? आत उजेड शिरू नये आणि तरी दोन्ही चौकटी पुढेमागे, वरखाली हलाव्यात, यासाठी. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग मशीनच्या सरकत्या बैठकीवर धूळ आणि कीस जाऊ नये म्हणून जे घडीचे आवरण बसवतात, तेही याच जातीचे.

डोक्यावर काळे कापड घेऊन धुरकट काचेकडे पाहिले, की समोरचे दृश्य उलटे आणि लहान होऊन तिच्यावर उमटलेले दिसते. भिंग पुढेमागे सरकवून ते स्पष्ट करायचे, काचेच्या जागी फिल्म ठेवलेला होल्डर सरकवायचा, आणि फिल्मला उजेड दाखवायचा. वस्तूचे अंतर, प्रतिमेचे अंतर आणि नाभीय अंतर यांचे जे सूत्र विद्यार्थी पाठ करतात, ते या कॅमेऱ्यावर टेप लावून पडताळता येते. १५० मिमी नाभीय अंतराच्या भिंगाने एखाद्या नटाची प्रतिमा मूळ आकाराएवढी हवी असेल, तर भाता ३०० मिमी ताणावा लागतो. मोबाइलमध्ये हे सगळे घडतेच, पण बंद डबीत घडते. येथे ते उघड्यावर घडते. शिक्षकाच्या दृष्टीने या कॅमेऱ्याचे खरे मोल हे आहे. फिल्मचे क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या सुमारे १३ पट असल्यामुळे चित्रात बारीक तपशील येतो, हा फायदा त्यानंतरचा.

महाराष्ट्राला हा कॅमेरा नवा नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच दशकात छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. म्हणजे शिक्षणसंस्थेत कॅमेरा शिकवण्याची कल्पना आपल्याकडे दीड शतकाहून जुनी आहे. पुढे चित्रपटकार झालेले दादासाहेब फाळके यांनीही पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून काही काळ नोकरी केली होती. लेणी, मंदिरे आणि मशिदी यांची त्या काळातली छायाचित्रे पाहिली, तर त्यांतले खांब सरळ उभे दिसतात. आज आपल्या मोबाइलमधल्या चित्रात तेच खांब वर निमुळते होत मागे कलतात. हा फरक कसा पडतो हे समजले, की कॅमेरा निवडण्याची पहिली किल्ली हाती येते.

रूढ सल्ला

पहिला मोठा कॅमेरा घेणाऱ्याला साधारण तीन गोष्टी सांगितल्या जातात. एक, बरोबर न्यायचा आहे ना, मग सगळ्यांत हलका घ्या. दोन, ज्याच्या चौकटी सर्वांत जास्त हलतात, वळतात, कलतात तो घ्या, म्हणजे पुढे अडणार नाही. तीन, आधी चांगला कॅमेरा घ्या, भिंग काय, नंतर कुठलेही बसवता येते. तिन्ही सल्ले ऐकायला शहाणपणाचे वाटतात. तिन्हींत मोठी गल्लत आहे, आणि ती एकच आहे. सुरुवात पेटीपासून केली आहे. सुरुवात ज्याचे चित्र घ्यायचे त्या वस्तूपासून व्हायला हवी.

चौकट किती हलावी?

दुसऱ्या सल्ल्यापासून सुरुवात करू. कॅटलॉगमध्ये हालचालींचे आकडे ठळक छापलेले असतात: भिंग इतके मिलिमीटर वर जाते, इतके अंश कलते. आकडा जितका मोठा तितका कॅमेरा श्रेष्ठ, असे वाचणाऱ्याला वाटू लागते. प्रत्यक्षात किती हवे?

समजा, ३० मीटर उंचीची पाण्याची टाकी आहे. आपल्या पट्ट्यात अशा टाक्या पावलोपावली दिसतात. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे, भिंग १५० मिमीचे आहे आणि फिल्म उभी धरली आहे. चार बाय पाच इंच फिल्मवर चित्रासाठी प्रत्यक्षात सुमारे ९५ बाय १२० मिमी जागा मिळते. कॅमेरा वर कलवला तर फिल्म टाकीला समांतर राहत नाही, टाकीच्या वरच्या आणि खालच्या भागाचे प्रमाण बदलते आणि कडा वर एकवटतात. म्हणून फिल्म उभीच ठेवायची. मग क्षितिज चित्राच्या बरोबर मध्यावर येते. फिल्मच्या मध्यापासून कडेपर्यंत ६० मिमी आहेत. समरूप त्रिकोणांनी पाहा: ६० भागिले १५० म्हणजे ०.४. टाकीचा कॅमेऱ्याच्या पातळीवरचा भाग २८.५ मीटर. २८.५ भागिले ०.४ म्हणजे सुमारे ७१ मीटर. इतके मागे गेल्याशिवाय टाकीचे टोक चित्रात येणार नाही. शिवाय चित्राचा खालचा अर्धा भाग रस्ता आणि उभे केलेले टेम्पो यांनी भरून जाईल.

आता फिल्म तशीच उभी ठेवून फक्त भिंगाची फळी ३३ मिमी वर सरकवू. वरच्या बाजूला आता ९३ मिमी मिळतात. ९३ भागिले १५० म्हणजे ०.६२, आणि अंतर येते सुमारे ४६ मीटर. पंचवीस मीटरची बचत झाली, कडा सरळ राहिल्या आणि रस्ताही कमी झाला. एमआयडीसीतल्या रस्त्यावर ७१ मीटर मागे सरकायला गेलो तर पाठ समोरच्या कारखान्याच्या भिंतीला टेकते. त्यामुळे ही बचत कागदावरची नाही.

म्हणजे भिंग वर सरकणे ही सर्वांत उपयोगाची हालचाल आहे आणि ती ३० मिमीच्या आसपास असली तरी पुष्कळ आहे.

दुसरी उपयोगाची हालचाल म्हणजे भिंग पुढे कलवणे. शेत, अंगण, कारखान्याची फरशी, नदीचा घाट अशा आडव्या पृष्ठभागाचे चित्र पायापासून दूरवर स्पष्ट हवे असेल, तर भिंग थोडे खाली झुकवतात. फिल्मचे प्रतल, भिंगाचे प्रतल आणि स्पष्ट दिसणारे प्रतल ही तिन्ही एकाच रेषेत छेदतात, हा त्यामागचा नियम. तो ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो. फुग्यातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे करण्याच्या कामात त्यांनी तो वापरला आणि १९०४ मध्ये पेटंट घेतले. त्यांच्या आधी १९०१ मध्ये फ्रान्सचे झ्यूल कार्पांतिए यांनी या कल्पनेचा उपयोग केला होता.

किती अंश झुकवायचे, याचा एक सोपा हिशेब आहे. कॅनडाचे हॅरल्ड मर्कलिंगर यांनी १९९० च्या दशकात तो लोकप्रिय केला. नाभीय अंतराला जमिनीपासूनच्या उंचीने भागा. जो भागाकार येईल तो कलाच्या कोनाचा साइन. भिंग ०.१५ मीटरचे आणि उंची १.५ मीटर, म्हणून साइन ०.१. कोन सुमारे ५.७ अंश, म्हणजे पावणेसहाच्याही आत. कॅमेरा गुडघ्याच्या पातळीवर, अर्ध्या मीटरवर आणला, तरी कोन साडेसतरा अंशच होतो.

मग ४० अंश कलणारी चौकट कुणाला हवी? स्टुडिओत टेबलावर दागिने किंवा यंत्राचे सुटे भाग मांडून चित्रे घेणाऱ्याला कधीतरी. पहिला कॅमेरा घेणाऱ्याला नाही. आणि प्रत्येक जास्तीच्या हालचालीसाठी एक सांधा, एक खिटी आणि एक ढिलाईची जागा वाढते. यंत्रशास्त्र शिकवणाऱ्यांना हे सांगायला नको. जेवढ्या स्वातंत्र्यकोटी, तेवढी त्या बांधून ठेवण्याची जबाबदारी.

भिंग नंतर बघू?

तिसरा सल्ला सर्वांत महागात पडणारा आहे. भिंग समोरच्या दृश्याची जी प्रतिमा पाडते ती गोल असते. आपण तिच्यातून एक आयत कापून घेतो, एवढेच. या गोलाला प्रतिमावर्तुळ म्हणू. ९५ बाय १२० मिमी आयताचा कर्ण सुमारे १५३ मिमी आहे, म्हणून वर्तुळाचा व्यास निदान तेवढा हवा. पण तेवढाच असेल, तर भिंग वर सरकवले की चित्राचे कोपरे काळे पडतात.

येथेही पायथागोरसचा सिद्धान्त पुरतो. वर्तुळाचा व्यास १६० मिमी धरा. त्रिज्या ८०, आयताची अर्धी रुंदी ४७.५. ८० च्या वर्गातून ४७.५ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढले, की सुमारे ६४ येतात. त्यातून अर्धी उंची ६० वजा केली, की उरतात फक्त ४ मिमी. आता व्यास २१० मिमी धरा. त्रिज्या १०५, वर्गमूळ सुमारे ९३, वजा ६०, उरतात ३३ मिमी. टाकीच्या उदाहरणात मी जे ३३ मिमी घेतले ते येथून आले. चार बाय पाचसाठी बनवलेली १५० मिमीची चांगली आधुनिक भिंगे लहान छिद्रावर साधारण २१० मिमीचे वर्तुळ देतात. जुन्या प्रेस कॅमेऱ्यांबरोबर येणारी १२७ मिमीची काही भिंगे चार बाय पाच फिल्म जेमतेम झाकतात.

अर्थ स्पष्ट आहे. कॅमेऱ्याची फळी ५० मिमी वर जात असली आणि भिंग ४ मिमीच परवानगी देत असले, तर उरलेल्या ४६ मिमींचे पैसे वाया गेले. भिंग आणि कॅमेरा यांची निवड एकाच कागदावर, एकाच हिशेबाने झाली पाहिजे. पैसे कमी असतील तर ते आधी भिंगावर खर्च करावेत. साध्या पेटीला चांगले भिंग चालते. उलटे चालत नाही.

हलकेपणाची किंमत

पहिला सल्ला राहिला: सगळ्यांत हलका कॅमेरा घ्या. यात तथ्य नाही असे नाही. तिपाई, होल्डर, काळे कापड, भिंग, पाण्याची बाटली असा सगळा पसारा घेऊन कार्ल्याच्या पायऱ्या चढायच्या, तर एक किलो कमी झालेला कुणाला नको आहे? ओल्या काचेवर चित्र घेण्याच्या काळात छायाचित्रकाराला अंधारखोलीचा तंबू आणि रसायनांच्या बाटल्याही बरोबर न्याव्या लागत. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत सुचवली. ती रुळल्यावर घडीचा कॅमेरा खऱ्या अर्थाने पाठीवर आला. तेव्हा वजनाचा प्रश्न जुना आणि खरा आहे.

पण वजन हे नेण्याचे माप झाले. नेल्यावर कॅमेऱ्याने स्थिर उभे राहायचे असते, आणि त्याचे माप वेगळे आहे. काचेवर प्रतिमा स्पष्ट केल्यावर आपण होल्डर आत सरकवतो, शटर चढवतो, होल्डरची झाकपट्टी ओढतो. या ओढाताणीत दोन्ही चौकटी एकमेकींना होत्या तशाच राहिल्या पाहिजेत. किती ढिलाई चालेल? फिल्मवर ०.१ मिमीचा धूसर ठिपका चालवून घ्यायचा ठरवले, तर एफ/५.६ या छिद्राला फिल्म आपल्या जागेपासून पुढेमागे ०.५६ मिमी सरकलेली चालते आणि एफ/२२ ला २.२ मिमी. चित्राच्या मध्यापासून कडेपर्यंतचे ६० मिमी लक्षात घेतले, तर एफ/५.६ ला समोरची चौकट साधारण अर्धा अंश जरी कलली तरी कडा धूसर होतात. एफ/२२ ला ही मर्यादा दोन अंशांच्या पुढे जाते. मोठे कॅमेरेवाले छिद्र लहान ठेवतात त्याचे एक कारण हेही आहे.

अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही, पण शाळेत मोजता येतो. कॅमेरा टेबलावर घट्ट बसवा. भिंगाच्या फळीवर लहानसा सपाट आरसा चिकटवा. बाजूला पक्क्या ठेवलेल्या लेझर पॉइंटरचा किरण आरशावर पाडून पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका घ्या आणि त्याची जागा पेन्सिलीने नोंदवा. लेझर कुणाच्या डोळ्यांकडे जाणार नाही याची काळजी घ्या. आता नेहमीसारखा होल्डर घाला, शटर चढवा, झाकपट्टी ओढा. आरसा अर्धा अंश वळला तर परावर्तित किरण एक अंश वळतो, आणि पाच मीटरवर ठिपका सुमारे ९ सेंटिमीटर सरकतो. सेंटिमीटरभर सरकला तर हरकत नाही. चार-पाच सेंटिमीटर सरकून परत आला नाही, तर तो कॅमेरा कितीही हलका आणि देखणा असला तरी हात जोडून परत करावा. मागच्या चौकटीवर आरसा लावून हाच प्रयोग पुन्हा करायचा.

दुसरी तपासणी आपल्या भागात तर कुठल्याही टूलरूममध्ये होईल. धुरकट काचेची घासलेली बाजू आणि होल्डरमधल्या फिल्मची पुढची बाजू, दोन्ही बैठकीपासून सारख्याच खोलीवर असायला हव्यात. चार बाय पाचच्या प्रमाणित होल्डरमध्ये ही खोली सुमारे ५ मिमी असते. डेप्थ गेज लावून काचेची खोली चारही कोपऱ्यांत आणि मध्यावर मोजा, मग होल्डरची मोजा. फरक ०.२ मिमीच्या आत असेल तर काळजी नाही. जुन्या कॅमेऱ्यात कुणीतरी फुटलेली काच बदलताना जाड काच किंवा उलटी बाजू बसवलेली असते. मग सगळी चित्रे किंचित धूसर येतात आणि दोष बिचाऱ्या भिंगाला लागतो.

कॅमेऱ्यांच्या जाती

एवढी मापे हाती असली, की बाजारातल्या कॅमेऱ्यांच्या जातींकडे निःपक्षपातीपणे पाहता येते.

प्रेस कॅमेरा. अमेरिकेतल्या ग्राफ्लेक्सचा 'स्पीड ग्राफिक' हा त्याचा नामांकित नमुना. १९१२ ते १९७३ इतका प्रदीर्घ काळ तो बनत होता. मजबूत, पेटीसारखा बंद होणारा, हातात धरूनही चालवता येणारा. बातमीदारासाठी उत्तम. पण भिंग वर फार सरकत नाही, आणि बहुतेक नमुन्यांत समोरची चौकट मागच्या बाजूला कलते, पुढे कलत नाही. आपल्याला जमिनीसाठी पुढे कल हवा. तो मिळवायला पुढची पाटी खाली पाडून चौकट मागे कलवण्याची कसरत करावी लागते. घेणाऱ्याला हे आधी माहीत असावे.

दांडीवरचा कॅमेरा. एका जाड दांडीवर दोन्ही चौकटी सरकतात. स्वित्झर्लंडच्या कार्ल कोख यांनी १९४० च्या दशकाअखेर आणलेल्या 'सिनार'ने हा प्रकार नावारूपाला आणला. प्रत्येक हालचाल वेगळी, अंशांच्या खुणांसह. वर्गात शिकवायला याच्याइतका चांगला कॅमेरा नाही. पण त्याची सुटसुटीत घडी होत नाही. कपाटातून टेबलावर आणि टेबलावरून कपाटात एवढा प्रवास असेल, तर जुना दांडीचा कॅमेरा जरूर घ्यावा.

धातूचा घडीचा कॅमेरा. म्यूनिकच्या लिनहॉफ कंपनीचा 'टेक्निका' याचे आदर्श उदाहरण. ताठरपणात तो वरच्या सगळ्या कसोट्यांना उतरतो. जड आहे आणि किंमत शाळेच्या आवाक्याबाहेरची आहे.

जुना लाकडी कॅमेरा. केरळात आलप्पुळ येथे के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात सुरू केलेला सागवानी 'वागीश्वरी' कॅमेरा एके काळी देशभरातल्या स्टुडिओंत होता. असे कॅमेरे आज जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या स्टुडिओंत दिसतात आणि बहुतेक दिवाणखान्यात शोभेला जातात. कारागिरी पाहण्यासारखी असते. परंतु त्यांतले बरेचसे साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या 'फुल प्लेट' मापाचे असतात, त्या मापाची फिल्म सहज मिळत नाही, आणि भात्याच्या घड्यांना भोके पडलेली असतात. भोके शोधायची असतील तर अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा धरावा, बाहेर तारे दिसतात. वर्गात प्रतिमा दाखवायला असा कॅमेरा छान. पाठीवर न्यायला नाही.

नवा प्लायवूडचा कॅमेरा. इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'इंट्रेपिड' कंपनीने पातळ प्लाय आणि त्रिमितीय छपाईचे सुटे भाग वापरून हलके, तुलनेने स्वस्त कॅमेरे आणले. त्यांचे वजन सव्वा किलोच्या आसपास असते. टीका अशी, की हलकेपणापायी ताठरपणात तडजोड होते, आणि प्रत्येक बैठकीला शून्य अंशाची जागा पुन्हा तपासावी लागते. तरीही एफ/२२ वर काम करणाऱ्या नवशिक्याला ही तडजोड परवडते. वर दिलेला दोन अंशांचा हिशेब त्याच्या बाजूने आहे.

माझा कौल असा. बाहेर नेण्याचा पहिला कॅमेरा चार बाय पाच इंचांचा, घडीचा, लाकडी किंवा प्लायचा असावा. भिंग ३० मिमी वर जावे, पुढे १५ ते २० अंश कलावे, भाता ३०० मिमी ताणला जावा. त्याबरोबर २०० मिमीपेक्षा मोठ्या प्रतिमावर्तुळाचे एकच १५० मिमी भिंग घ्यावे. आरशाची आणि डेप्थ गेजची परीक्षा झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कुणी म्हणेल, पेठेत उभे राहून लेझर कोण लावणार? निदान परत करण्याची मुदत मागून घ्यावी आणि ती मुदत शाळेत वापरावी.

घेण्याआधी करा

यापेक्षाही आधी करायची एक गोष्ट आहे. चष्म्याच्या दुकानातून +६ नंबरचे भिंग आणा. त्याचे नाभीय अंतर एक मीटर भागिले सहा, म्हणजे सुमारे १६७ मिमी. एकात एक सरकणाऱ्या दोन पुठ्ठ्याच्या पेट्या करा, पुढे भिंग, मागे ट्रेसिंग पेपर. पुढच्या पुठ्ठ्यात भिंगाची पट्टी वरखाली सरकेल अशी खाच ठेवा. शाळेच्या इमारतीकडे ही पेटी धरून आधी पेटी वर कलवा, मग पेटी सरळ ठेवून नुसती पट्टी वर सरकवा. कडा कधी एकवटतात आणि कधी सरळ राहतात, हे सातवीतल्या मुलालाही एका मिनिटात दिसते. ज्यांना यात रस वाटणार नाही त्यांनी पुढचा खर्च करू नये. निर्णय फुकटात होतो.

चित्रही घ्यायचे असेल, तर कृष्णधवल छपाईचा फोटोपेपर फिल्मऐवजी वापरता येतो. त्याची संवेदनक्षमता फारच कमी, साधारण ६ आयएसओ धरतात. त्यामुळे लखलखीत उन्हात एफ/४५ ला सुमारे सव्वा सेकंद उजेड द्यावा लागतो. म्हणजे शटरही नको, हातातली टोपी काढून लावली तरी चालते. +६ च्या भिंगापुढे १६७ भागिले ४५, म्हणजे सुमारे ३.७ मिमी व्यासाचे छिद्र पाडलेला काळा पुठ्ठा ठेवला, की एफ/४५ झाले. वैद्यकीय एक्स-रे फिल्मही चालते. हिरव्या उजेडाला संवेदनशील असलेली ही फिल्म मंद तांबड्या दिव्याखाली हाताळता येते, त्यामुळे चित्र उमटताना मुलांना पाहता येते. मात्र तिच्या दोन्ही बाजूंना रसायनाचा थर असतो, म्हणून ओरखडे फार लवकर पडतात. तसराळ्याच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी. वापरलेले फिक्सर गटारात ओतू नये, त्यात चांदी असते.

या पट्ट्यातल्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी उद्या टूलरूममध्ये, तपासणी विभागात, डिझाइनच्या टेबलावर जाणार आहेत. समांतरता म्हणजे काय, ढिलाई किती चालते, कॅटलॉगमधला आकडा आणि गरजेचा आकडा यांत फरक कसा करायचा, हे त्यांना तिथे रोज लागणार आहे. कॅमेऱ्याची निवड हा त्याचा छोटा सराव आहे. म्हणून माझी सूचना अशी की निवड एकट्या शिक्षकाने करू नये. नववी-दहावीच्या चार मुलांना पट्टी, कोनमापक आणि डेप्थ गेज देऊन त्यांच्याकडून तक्ता करून घ्यावा. त्यात प्रतिमावर्तुळ, वरची सरक, पुढचा कल, भात्याची लांबी, आरशाचा ठिपका आणि काचेची खोली असे सहा रकाने असावेत. वजन आणि किंमत हे शेवटचे दोन रकाने. पहिल्या सहांत जे उत्तीर्ण होतील त्यांच्यातच हे दोन पाहायचे.